वह्या नऊशे, हात दोन

पत्र

नमस्कार ताई,

मी ठाण्यात चरईत राहते, वय ३२. पाच वर्षांपूर्वी जाहिरात एजन्सीतली नोकरी सोडली आणि घरीच हाताने शिवलेल्या वह्या करायला लागले. कव्हरवर माझी स्वतःची देवनागरी अक्षरं असतात. म्हणी, ओव्या, कधी नुसताच एखादा ठसठशीत 'ळ'. एक वही ४५० रुपयांना देते. गेल्या वर्षी इन्स्टाग्राम आणि प्रदर्शनं मिळून साधारण ३५० गेल्या. एका वहीला दीड तास लागतो, साहित्य १४० रुपयांचं. घरचं आवरून रोज पाचेक तास बसते.

आता काम वाढवायचंय. सेकंडहँड कटिंग मशीन १,१०,०००, कागदाचा साठा ९०,०००, छोट्या गाळ्याचं डिपॉझिट १,००,०००, वेबसाइट आणि ब्रँडिंग ६०,०००, क्राउडफंडिंगचा व्हिडिओ ४०,०००. असे ४ लाख रुपये लोकांकडून उभे करायचेत. पैसे देणाऱ्या प्रत्येकाला दिवाळीच्या आत वही देणार. मैत्रीण म्हणते, व्हिडिओ झकास झाला की पैसे येतातच. सासरे म्हणतात, हे म्हणजे चारचौघांत पदर पसरणं. आतेभाऊ म्हणतो, लाखभर मी टाकतो, दहा टक्क्यांचा पार्टनर कर. कुणाचं ऐकू? आणि कुठल्या साइटवर टाकू?

– वहीवाली, चरई

उत्तर

वहीवाल्या बाई, ताई म्हटलंस ना, मग मी सरळ अगं-तुगंवर येते.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी आधी कॅल्क्युलेटर काढला. ४ लाखांना ४५०ने भागलं तर ८८९ येतात. धर ८९० वह्या. दीड तासाने गुणलं की १,३३५ तास. रोज पाच तास, महिन्याचे २५ दिवस म्हणजे महिन्याला १२५ तास. म्हणजे पावणेअकरा महिने. आत्ता जून चालू आहे. सगळे पैसे उद्या जमा झाले तरी शेवटची वही वैशाखात हातावेगळी होईल, आणि तू लोकांना दिवाळीचा शब्द देणार आहेस. तोही मधल्या काळात एकही प्रदर्शन नाही, घरात कुणी आजारी नाही आणि तुझी पाठ धडधाकट आहे असं धरून.

आता पैशांकडे ये. ४५०मधून साहित्याचे १४० गेले, उरले ३१०. खोका आणि कुरिअर मिळून ७५ धर, उरले २३५. साइटचं कमिशन आणि पेमेंटचा खर्च शेकडा ८ धरला तर ३६ गेले, उरले १९९. तुझी मजुरी तासाला १०० रुपये, त्याहून कमी मी धरणार नाही, म्हणजे दीड तासाचे १५०. उरले ४९. गुणिले ८९० करून बघ. ४३,६१० रुपये. चार लाख गोळा करून, पावणेअकरा महिने राबून, मशीनचे निम्मे पैसेसुद्धा सुटत नाहीत. गाळा आणि वेबसाइट तर सोडूनच दे. मजुरी धरली नाहीस तर पावणेदोन लाख दिसतील. पण मग वर्षभर तू स्वतःलाच बिनपगारी ठेवलंस, आणि वर लोकांचे आभारही मानलेस.

लोक 'पैसे जमले नाहीत तर काय' याची काळजी करत बसतात. हाताने काम करणाऱ्या माणसाने आधी 'जमले तर काय' हे विचारावं. छापखान्यातून माल येणार असेल तर ऑर्डर दुप्पट होणं ही आनंदाची बातमी. सुईदोऱ्याने करायचा असेल तर तीच बातमी पाहुणे यावेत तशी येते. घर तेवढंच, गाद्या तेवढ्याच.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचून सांगत नाहीये. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी नेरूळला आम्ही तिघी मैत्रिणी बांबूच्या कामट्या आणि घोटीव कागदाचे आकाशकंदील करायचो. एका वर्षी आगाऊ पैसे घेऊन नोंदणी करायची टूम निघाली. ठरले होते साठ. सोसायट्यांच्या ग्रुपमधून नावं येत गेली आणि मी हावरटासारखी लिहीत गेले. एकशे चाळीस झाल्यावर एकीने वही माझ्या हातातून काढून घेतली. वसुबारसेला पंचाऐंशी तयार होते. धनत्रयोदशीला रात्री अडीच वाजता आम्ही सांगाडे बांधत होतो आणि एकमेकींशी बोलत नव्हतो. लक्ष्मीपूजन होऊन गेल्यावर आकाशकंदील घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहणं काय असतं, ते मला माहीत आहे. सीवूड्समधल्या एका आजींनी कंदील घेतला, पैसे परत घेतले नाहीत, आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी लावू." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानंतर आम्ही कंदील केले नाहीत.

तर तुझी खरी अडचण हातांची आहे. या नजरेने तुझी चार लाखांची यादी पुन्हा वाच. कटिंग मशीनने काय होणार? फर्म्यांच्या (एकात एक घातलेल्या कागदांच्या) घड्या घालणं, दाभणाने भोकं पाडणं, जुजबंदी म्हणजे फर्मे दोऱ्याने एकमेकांना शिवणं, खळ लावणं, बक्रमचं जाड कापड चढवणं, पुठ्ठ्यात बसवणं, दाबाखाली ठेवणं. दीड तास यातच जातो ना? कडा कापायला त्यातली किती मिनिटं जातात? माझ्या अंदाजाने दहा. त्या दहा मिनिटांसाठी लाखाचं लोखंड घरात घेऊ नकोस. नौपाड्यात नाहीतर वागळे इस्टेटमध्ये एखादा बाइंडर गाठ, पन्नास-साठ गठ्ठे एकदम ने, घावाप्रमाणे, म्हणजे एका कापाला इतके असे, पैसे दे आणि चहा पिऊन परत ये. हातकागद वापरत असशील तर कडा कापायच्याच कशाला? पुण्याची हातकागद संस्था १९४०पासून तो कागद करते आहे, आणि त्या कागदाच्या ओबडधोबड कडांवरच लोक जीव टाकतात. चांगली कड कापून फेकायला मशीन घेणं म्हणजे आंब्याची साल काढायला सुतार बोलावणं.

गाळाही नको. तुझं गिऱ्हाईक चालत दुकानात येणारं नाही. चाळीस हजारांच्या व्हिडिओबद्दल तर काय बोलू? वही शिवतानाचे तुझे हात, खिडकीजवळचा उजेड आणि भावाचा फोन, एवढ्यात तो होतो. उलट फार गुळगुळीत व्हिडिओ पाहिला की माणसाला वाटतं, हिला कशाला हवेत आपले ४५० रुपये?

मैत्रिणीचा मुद्दा इथेच निकालात काढते. व्हिडिओ बघून अनोळखी माणूस पैसे देतो, हे फार कमी वेळा घडतं. आधी ओळखीचे देतात. त्यांचा आकडा दिसला की ओळखीच्यांचे ओळखीचे देतात, आणि मग कुठे चार अनोळखी येतात. म्हणून कॅमेऱ्याआधी यादी कर. गेल्या वर्षीच्या ३५० वह्या किती माणसांनी घेतल्या? दोनदा घेणारे किती? भेट द्यायला पाच-पाच नेणारे कोण? प्रदर्शनात रोखीने घेऊन गेलेल्यांचे नंबर तुझ्याकडे आहेत का? बहुतेक नसणार. कुणीच ठेवत नाही, मीही ठेवले नव्हते. पुढच्या प्रदर्शनापासून टेबलावर एक वही उघडी ठेव, तुझीच, आणि नाव-नंबर लिहून घे. बेलापूरच्या अर्बन हाटला किंवा ठाण्यातल्या एखाद्या हॉलमध्ये तीन दिवस उभी राहून ऐंशी नंबर मिळाले, तर ते त्या तीन दिवसांच्या गल्ल्यापेक्षा महाग आहेत. यादीत दोनशे माणसं असतील आणि त्यातली निम्मी तुला नावाने ओळखत असतील, तर तुझं क्राउडफंडिंग निम्मं झालं. यादीत चाळीसच असतील तर यंदा थांब.

आता सासरे. त्यांना उडवून लावू नकोस, कारण त्यांचं अर्धं बरोबर आहे. 'माझं स्वप्न पूर्ण करायला मदत करा' असं लिहिलंस तर ते पदर पसरणंच झालं, भाषा कितीही गोड असो. 'ही वही, ही किंमत, या तारखेला मिळेल, पैसे आधी द्या' असं लिहिलंस तर तो व्यवहार झाला. आणि आपल्याकडे हा व्यवहार जुना आहे. सासऱ्यांच्या कपाटात एखादा कोश किंवा खंडांचा संच असेल, तर विचार की तो कसा घेतला होता. प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरले असतील, आणि पुस्तकं कित्येक महिन्यांनी आली असतील. तेव्हा प्रकाशकाने पदर पसरला असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याहून मागे जायचं तर त्यांना पैसा फंडाची आठवण करून दे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा या हिशेबाने स्वदेशी उद्योगासाठी निधी जमवायला घेतला, टिळकांनी त्यामागे वजन उभं केलं, आणि त्यातून १९०८मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. ती वर्गणी होती, तुझी आगाऊ नोंदणी आहे. तुझ्याकडे देणाऱ्याला वस्तू मिळते, म्हणजे तुझी बाजू उलट जास्त भक्कम. हे सगळं जेवताना नको, दुपारच्या चहाला बोल. आणि जमलं तर पाकिटांवर पत्ते लिहायचं काम त्यांच्याकडे दे. त्या पिढीचं अक्षर चांगलं असतं.

साइटचं सांगते. किकस्टार्टरचं नाव तू ऐकलं असणार. २००९पासून चालू आहे, आणि डिझाइनवाल्या लोकांची ती पंढरीच. पण ज्या देशांतल्या लोकांना तिथे प्रकल्प टाकता येतो त्यांच्या यादीत भारत नाही. काहीजण अमेरिकेतल्या मावसभावाच्या नावाने टाकतात. मग खातं त्याचं, टॅक्स त्याचा, लोकांना दिलेला शब्द त्याचा, आणि चरईतून टेक्सासला वही पाठवायचं कुरिअर तुझं. त्या फंदात पडू नकोस. आपल्याकडच्या केटो, मिलाप यांसारख्या मोठ्या साइटवर बहुतेक आवाहनं उपचारांच्या खर्चाची असतात. लहान मुलाच्या ऑपरेशनशेजारी 'ळ'ची वही मांडायला तुलाच कसंतरी होईल.

दीड-दोनशे माणसांसाठी साइटची गरजच नाही. एक गूगल फॉर्म, एक यूपीआयचा क्यूआर कोड, एक एक्सेलची शीट. यूपीआयने थेट आलेल्या पैशांवर काही कापलं जात नाही. कार्डवाल्यांसाठी पेमेंट गेटवे लावलास तर साधारण २ टक्के आणि त्या २ टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी, एवढंच. मात्र किकस्टार्टरचा एक नियम जरूर उचल. तिथे ठरलेली रक्कम मुदतीत जमली तरच पैसे मिळतात, नाहीतर देणाऱ्याच्या खात्यातून काहीच जात नाही. तूही जाहीर कर की अमुक तारखेपर्यंत किमान १०० वह्यांची नोंदणी झाली नाही, तर आठवड्याभरात सगळ्यांचे पैसे परत. त्यासाठी वेगळं खातं उघड. घरखर्चाच्या खात्यात हे पैसे पडले की परत द्यायच्या वेळी सापडत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

आणि आणखी एक आकडा जाहीर कर. वरची मर्यादा. वह्या १५०, एकही जास्त नाही. एकशे एकावन्नाव्या माणसाला सांगायचं, पुढच्या फेरीत. यात गमतीचा भाग असा की मर्यादा सांगितली की लोक लवकर नोंदवतात. पण ती युक्ती म्हणून वापरू नकोस. दीडशे म्हणजे दीडशे. माझ्यासारखी वही दुसऱ्या कुणी हातातून काढून घ्यायची वेळ येऊ देऊ नकोस.

दीडशे वह्यांत काय भागणार, असं तू म्हणशील. वह्यांच्या जोडीला अशा गोष्टी ठेव ज्यांना तुझे हात एकदाच लागतात. तुझी अक्षरं आहेत ना? बारा अक्षरांचं भिंतीवरचं कॅलेंडर कर. चित्र एकदा काढायचं, बाकीचं काम प्रेस करेल. तिथ्या-नक्षत्रांच्या वाटेला जाऊ नकोस. त्यासाठी १९७३पासून घरोघरी कालनिर्णय आहे, आणि तो काढून कुणी तुझं लावणार नाही. तुझं दुसऱ्या भिंतीवर लागेल. प्रेसवाला २५०चा आणि ५००चा असे दोन्ही भाव सांगेल, फरक थोडाच असेल आणि तुझा हात ५००कडे जाईल. जाऊ देऊ नकोस. फेब्रुवारीत कॅलेंडरची रद्दी होते. तिसरी गोष्ट कार्यशाळा. रविवारी सकाळी बारा जण, तीन तास, प्रत्येकाने आपली वही स्वतः शिवायची आणि घरी न्यायची. इथे तर तुझ्याऐवजी लोकांचे हात चालतात आणि त्याचे पैसेही तेच देतात.

हिशेब असा बसतो. वहीचा भाव ५५० कर. हो, कर. ४५० हा भाव पाच वर्षांपूर्वी घाबरत घाबरत ठरवलेला दिसतो. १५० वह्यांचे ८२,५००. कॅलेंडर ३०० रुपयांना, २५० गेली तर ७५,०००. कार्यशाळेचे माणशी १,२००, बारा-बारांच्या तीन तुकड्या, ४३,२००. एकूण दोन लाखांवर सातशे. यातून वह्यांचं साहित्य आणि कुरिअर ३२,२५०. कॅलेंडरची छपाई ९० आणि पाठवणी ६० धरली तर ३७,५००. कार्यशाळेचं साहित्य आणि हॉल मिळून १३,२००. आणि तुझी मजुरी, ती सोडायची नाही, २२५ तासांचे २२,५००. उरतात ९५,२५०. कार्डने पैसे आले तर दोन-चार हजार इकडे तिकडे. म्हणजे निम्म्या रकमेत, दोन महिन्यांच्या शिवणकामात, मगाचच्या दुपटीहून जास्त सुटले. आकडे माझे अंदाजाचे आहेत, तू प्रेसचा आणि कुरिअरचा खरा भाव घालून पुन्हा मांड. एक वही पॅक करून वजनकाट्यावर ठेव. खोक्यासकट वजन पुढच्या टप्प्यात गेलं की कुरिअरचा आकडा उडी मारतो. ठाण्यातल्या लोकांना सांग, अमुक रविवारी सकाळी तलावपाळीला या आणि घेऊन जा. पन्नास जण आले तरी पन्नास कुरिअर वाचली, वर ओळखी झाल्या त्या वेगळ्याच.

त्या ९५ हजारांचं काय करायचं? मी असते तर हात घेतले असते. तुझ्या आसपास ब्लाउज शिवणाऱ्या, फॉल-पिको करणाऱ्या बायका असतीलच. सुई धरायची सवय असलेल्या बाईला जुजबंदी शिकायला फार वेळ लागत नाही. पहिल्या पंधरा-वीस वह्या वाया जातील, त्या साहित्याचे पैसे यातच धर. घड्या आणि शिवण त्यांची, नगाप्रमाणे पैसे, तेही त्याच दिवशी. अक्षर आणि शेवटचा हात तुझा. उरलेल्यातून एक चांगला स्क्रू-प्रेस आणि थोडा कागद घे. पण मग 'मी एकटीने शिवलेली वही' असं कुठे लिहायचं नाही. 'आम्ही तिघींनी' लिही. वाचायलाही बरं वाटतं.

वेळापत्रकाचं एक, ते तुला माहीत असेल, पण नोंदणीच्या उत्साहात विसरशील. ठाण्याचा पावसाळा वह्यांचा वैरी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये खळ वाळत नाही, पुठ्ठे धनुष्यासारखे वाकतात, आणि महिनाभर बंद खोक्यात ठेवलेल्या कापडी कव्हरवर पांढरी बुरशी धरते. खळीत मोरचूद घातलं तरी दमटपणा काही जात नाही. म्हणून जुलैत नोंदणी घे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फक्त जुज (आतले फर्मे) शिवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेव. पुठ्ठे चढव ऑक्टोबर हीटमध्ये. त्या उन्हाचा मुंबईकराला एवढा तरी उपयोग व्हावा. आणि लोकांना सांगताना दिवाळीचा मुहूर्त देऊ नकोस. 'नोव्हेंबरअखेर' म्हण, आणि वसुबारसेला हातात ठेव. कॅलेंडर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात.

आतेभावाकडे वळते, कारण हे प्रकरण नाजूक आहे. तुझा धंदा तुझ्या एकटीच्या नावाचा आहे, त्यात शेअर नावाची गोष्टच नाही. दहा टक्के द्यायचे तर भागीदारी करावी लागेल, करारनामा करावा लागेल. साध्या भागीदारीत देण्याची जबाबदारी प्रत्येक भागीदाराच्या घरादारापर्यंत जाते, हे त्याला माहीत आहे का विचार. बहुतेक तो गप्प बसेल. आणि दहा टक्के कशाचे? नफ्याचे? तुझी मजुरी धरून की न धरून? गणपतीत एकत्र जेवायला बसताना हा प्रश्न पानात वाढला जाईल. त्याला खरंच मदत करायची असेल तर उसने दे म्हण. बँकेतून, दोन ओळी लिहून, परतीची तारीख घालून. रोखीने नको. २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेणं कायद्यातच बसत नाही. नाहीतर त्याला सांग, ऑफिसात दिवाळीला भेट द्यायला वीस वह्या घे. भाऊ म्हणून तेवढं त्याला झेपेल. पण त्या वीसही दीडशेतल्याच.

हाच मुद्दा लोकांच्या बाबतीतही लक्षात ठेव. 'पैसे द्या, वर्षाने व्याजासकट परत देईन' किंवा 'नफ्यात वाटा देईन' असं ग्रुपवर चुकूनही लिहू नकोस. जनतेकडून अशा ठेवी घेण्यावर २०१९चा कायदा आहे, आणि शेअर विकायचे नियम कंपन्यांना आहेत, तेही कडक. वस्तू देणार, एवढंच बोल.

टॅक्सचं थोडक्यात. आलेले पैसे देणगी नाहीत, विक्री आहे. उत्पन्नात दाखवायचे, खर्चाची बिलं जपून ठेवायची. महाराष्ट्रात नुसत्या वस्तूंची विक्री असेल आणि ती वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र राज्याबाहेर माल पाठवायचा झाला की नियम बदलतो. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना २० लाखांपर्यंत सवलत आहे. तुझी वही त्यात बसते का, ते सीएला विचार आणि उत्तर मिळेपर्यंत पहिली फेरी महाराष्ट्रापुरती ठेव. बंगळूरच्या मैत्रिणी रुसतील, रुसू देत. छोट्या धंद्यांची सरकारी 'उद्यम' नोंदणी केली नसलीस तर करून टाक. ती ऑनलाइन आहे, फुकट आहे. दोन हजार मागणारा एजंट भेटला तर वाट बदल. पुढे खरंच भांडवल लागलं तर सरकारच्या मुद्रा कर्जयोजनेत 'शिशु' गटात ५०,०००पर्यंत आणि 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. बँकेत चार फेऱ्या होतील, मॅनेजर वही हातात घेऊन 'छान आहे हो' म्हणेल आणि सोमवारी या म्हणेल. तरी जा. गिऱ्हाइकांच्या आगाऊ पैशांतून गाळ्याचं डिपॉझिट भरण्यापेक्षा ते बरं.

उशीर होणारच आहे, कुठे ना कुठे. कापड येणार नाही, प्रेसवाला गावी जाईल. त्या वेळी गप्प बसू नकोस. दर पंधरा दिवसांनी यादीतल्या सगळ्यांना एक मेसेज जाऊ दे. काम सुरळीत असेल तेव्हाही. किती जुज शिवून झाले, एखादा फोटो, एखादं फसलेलं अक्षर. आमच्या कंदिलांच्या वेळी मी शेवटचे दहा दिवस कुणाचा फोन उचलला नाही. कंदील उशिरा मिळाल्याचं लोक विसरले. फोन न उचलल्याचं एक बाई मला अजून वाशी स्टेशनवर भेटल्या की ऐकवतात.

आधी यादी कर. दोनशे नावं झाली की मला कळव, फॉर्ममध्ये काय लिहायचं ते आपण बघू. आणि 'ळ'ची एक वही माझ्या नावाने लिहून ठेव. साडेपाचशेवाली. दीडशेच्या आत जागा उरली तरच.